पटाचारेचा दिवा

पटाचारा थेरीची कथा सांगताना अनेक कथनकार पती, पुत्र व मातापिता यांच्या मृत्यूवरच रेंगाळतात. तो वृत्तान्त अट्ठकथेतील आहे. थेरीगाथेच्या पंचकनिपातातील तिच्या ५ गाथांत त्याचा उल्लेखही नाही. तेथे आहे ते पाय धुताना उताराकडे वाहणारे पाणी आणि सुईने वात ओढताच विझलेला दिवा. दिवा निमाला व तिचे चित्त विमुक्त झाले. मात्र हा योगायोग नव्हे. आपण शीलसंपन्न व उद्योगी आहोत, हे ती आरंभीच सांगते. केवळ शोकालाच विमुक्तीचे कारण मानले, तर नित्यकर्मात राबणाऱ्या उपासिकेला स्वतःचा मार्ग दिसणार कसा? म्हणून अट्ठकथेआधी गाथा वाचावी, असे आम्हांस वाटते.