प्रकल्प व्यवस्थापनाच्या मूलभूत संकल्पना आणि प्रकल्प व्यवस्थापकाची भूमिका : एक चिकित्सा

प्रस्तावना :
निश्चित आरंभ व निश्चित शेवट असलेले तात्पुरते कार्य म्हणजे प्रकल्प, अशी व्याख्या व्यवस्थापनशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. व्याप्ती, वेळ आणि खर्च या तीन मर्यादांचा समतोल राखणे हे प्रकल्प व्यवस्थापकाचे प्रमुख कर्तव्य मानले जाते. या मांडणीतील ‘शेवट’ ही संकल्पना कितपत पुरेशी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोकण रेल्वेचा दाखला :
सन १९९० मध्ये कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले व त्याचे नेतृत्व ई. श्रीधरन यांच्याकडे आले. केंद्र सरकारबरोबरच महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये त्यात भागीदार होती. निधी, अधिकार व उत्तरदायित्व एकाच यंत्रणेकडे असावे, या तत्त्वाचा हा उत्तम नमुना होय. गोव्यातील मार्गविरोधी आंदोलन आणि पेडण्याच्या बोगद्यातील भुसभुशीत माती यांमुळे काम लांबले. तरीही २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. रूढ निकषांनुसार प्रकल्प येथे ‘संपला’.

जोखीम मात्र संपली नव्हती. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडींमुळे भीषण अपघात झाले. डोंगर कापून केलेल्या उतारांचे मजबुतीकरण, संरक्षक जाळ्या, पावसाळ्यातील गस्त व गाड्यांची मर्यादित गती या उपायांचे महत्त्व त्यानंतर अधिक ठळक झाले. यावरून असे दिसते की, जोखीम व्यवस्थापन उद्घाटनाच्या दिवशी थांबवता येत नाही.

उल्हासनगरचा संदर्भ :
हीच बाब नागरी बांधकामांनाही लागू पडते. दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव रूढ झाले. तात्पुरत्या बराकींच्या जागी कायमचे शहर उभे राहिले. अनधिकृत बांधकामांच्या नियमितीकरणासाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. परंतु कायदेशीर मान्यता ही संरचनात्मक मजबुतीची हमी नव्हे. मे २०२१ मध्ये कॅम्प १ मधील मोहिनी पॅलेस या इमारतीचा स्लॅब कोसळून रहिवाशांचा बळी गेला. त्याच महिन्यात शहरातील आणखी एका इमारतीत अशीच दुर्घटना घडून सात जण मृत्युमुखी पडले. वापर करणाऱ्यांच्या दृष्टीने इमारतीचा प्रकल्प ताबा मिळाल्यानंतरच सुरू होतो, हे या घटनांनी अधोरेखित केले.

निष्कर्ष :
प्रकल्प समाप्ती हा पाठ्यक्रमात सहसा शेवटचा व सर्वांत दुर्लक्षित घटक असतो. तो केवळ देयके चुकती करण्यापुरता मर्यादित नाही. आराखडे, साहित्य चाचण्यांच्या नोंदी, उर्वरित जोखमींची यादी व देखभालीचे वेळापत्रक पुढील यंत्रणेकडे सोपविल्याशिवाय प्रकल्प पूर्ण झाला असे मानू नये. वेळ व खर्च वाचवूनही हे हस्तांतरण न करणारा व्यवस्थापक अयशस्वीच ठरतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांच्या मूल्यमापनातही या निकषाला स्थान मिळणे आवश्यक आहे.