चिंचवडचे वाडे व वारसा-नियम : एक परीक्षण

जुन्या घरांच्या रक्षणाविषयीं महाराष्ट्रांत जे नियम लागू आहेत त्यांची चर्चा मुंबई व पुणें या शहरांच्या उदाहरणांवरून पुष्कळ होते. पवनेच्या कांठापासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्याकडे मात्र त्या चर्चेचें लक्ष क्वचितच जातें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी या गांवांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. तेव्हां या मुलुखाचा इतिहास तो काय, फार तर सत्तर वर्षांचा, असा समज रूढ झाला आहे. पण ज्या चाकणच्या संग्रामदुर्गास १६६० सालीं शायिस्तेखानाच्या फौजेनें वेढा घातला व जो फिरंगोजी नरसाळ्यानें सुमारें दोन महिने लढविला, त्याचे अवशेष आजहि चाकणच्या वस्तींत उभे आहेत; आणि चिंचवड तर मोरया गोसाव्यांच्या समाधीमुळें आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंत प्रत्येक सत्तेच्या दप्तरांत नोंदलेलें गांव आहे. नियमांची खरी परीक्षा अशा ठिकाणींच होते.

हे नियम दोन प्रकारचे आहेत. १९०४ च्या कायद्यापासून चालत आलेली व १९५८ च्या कायद्यानें पक्की झालेली पद्धत स्मारकाची आहे. सरकारनें एखादी वास्तु राष्ट्रीय महत्त्वाची ठरविली म्हणजे ती संरक्षित होते, आणि २०१० च्या दुरुस्तीपासून तिच्या हद्दीभोंवतीं १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध व त्यापुढें २०० मीटरपर्यंत नियंत्रित झालें आहे. या पद्धतीचें फळ काय, तें पुण्यास शनिवारवाड्याभोंवतीं हिंडणाऱ्यास दिसेल. पेशव्यांचा वाडा १८२८ च्या आगींत जळाला. आज त्याची तटबंदी, दरवाजे व जोतीं राहिलीं आहेत. त्या अवशेषांच्या रक्षणासाठीं आखलेल्या वर्तुळांत जे राहते वाडे आहेत, त्यांच्या मालकांस नवें बांधतां येत नाहीं, आणि साधी दुरुस्ती करावयाची तरी दिल्लीच्या प्राधिकरणाची अनुमति आणावी लागते. एका मृत वाड्याच्या सन्मानार्थ जिवंत वाडे हळूहळू मरत आहेत, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

दुसरी पद्धत नगररचनेची. मुंबईंत १९९५ सालीं वारसा-वास्तूंच्या यादीची व तीन श्रेणींची योजना अमलांत आली. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनें तशीच योजना राज्याच्या इतर शहरांसहि घालून दिली. पहिल्या श्रेणींत राष्ट्रीय महत्त्वाच्या, दुसरींत प्रांतिक वा स्थानिक महत्त्वाच्या, तिसरींत गल्लीस व पेठेस रूप देणाऱ्या वास्तु. ही योजना पहिलीपेक्षां शहाणपणाची आहे हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. मालकाचें जें नुकसान होतें त्याचा मोबदला विकासहक्काच्या हस्तांतरणानें देण्याची तींत सोय आहे. पण चिंचवडसारख्या गांवांतील बहुतेक घरें फार तर तिसऱ्या श्रेणींत बसावयाचीं. आणि त्या श्रेणीचें रक्षण घर धोकादायक ठरतांच ढिलें पडतें. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमांतील कलम २६४ अन्वयें पडाऊ घराच्या मालकास तें उतरविण्याची नोटीस देतां येते. मग ज्यास वाडा पाडावयाचा आहे त्यानें करावयाचें काय? कांहींच नाहीं. पन्हळ फुटलें तर फुटूं द्यावें, कौलें सरकलीं तर सरकूं द्यावीं. तीनचार पावसाळ्यांत कडीपाट कुजतो आणि जें काम परवानगीनें झालें नसतें तें नोटिशीनें होतें. १९४७ पासूनच्या भाडेनियंत्रणानें व वारसांच्या वांटण्यांनीं दुरुस्तीची इच्छा आधींच मारलेली असते, हें निराळें सांगावयास नको.

चिंचवडास दोन वाडे सर्वांस ठाऊक आहेत. एक मंगलमूर्ति वाडा, देव घराण्याचा व संस्थानचा. दुसरा चापेकर बंधूंचा. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें त्यापायीं दामोदर, वासुदेव व बाळकृष्ण हे तिघेहि भाऊ १८९८-९९ मध्यें फांशीं गेले. त्यांच्या वाड्याचा जीर्णोद्धार होऊन तेथें त्यांचें स्मारक झालें आहे. हे दोन वाडे वांचले ते कोणत्या नियमामुळें? आमच्या मतें नियमाशीं त्याचा संबंध थोडा आहे. एकामागें देवस्थान आहे, दुसऱ्यामागें हुतात्म्यांचें नांव व तें जपणारी संस्था. दोन्हींस रोजचा उपयोग आहे, व दोन्ही ठिकाणीं गळकें छप्पर शाकारणारा कोणीतरी आहे. शेजारच्या घरास देव नाहीं आणि हुतात्माहि नाहीं. तें कोणा कुळकर्ण्याचें, सावकाराचें वा पाटलाचें. आणि चापेकरांचें बालपण ज्या आळींत गेलें ती आळी अशाच घरांची होती. आळी जाऊन एकटा वाडा उरला म्हणजे त्याचा अर्थ निम्मा होतो.

संशोधकास यांत काय गमवावें लागतें, हें आपल्या वाचकांस सांगण्याची गरज नसावी. राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे जे खंड काढले त्यांतील कागद मुख्यतः खाजगी घरांच्या माळ्यांवरून व पेटाऱ्यांतून आले. वाईजवळच्या मेणवलीचें दप्तर तर नाना फडणिसांच्या वाड्याच्याच नांवानें ओळखलें जातें. देव घराण्यावर लॉरेन्स प्रेस्टन यांचा इंग्रजी ग्रंथ १९८९ सालीं केंब्रिजहून निघाला. घराणें, इनामें व राज्यसत्ता यांचा संबंध त्यांत कागदांवरून उलगडला आहे. कागद जतन झाले म्हणून तो ग्रंथ झाला. परंतु घर हाहि एक कागदच आहे. ओसरीवर कोण बसे, माजघरापर्यंत कोण येई, बळदांत किती धान्य मावे, आड चौकांत कीं परसांत, कोणत्या पिढीनें मधली भिंत घालून वांटणी केली, हें भिंती सांगतात. मोडी दप्तर तें क्वचितच सांगतें. जुनें सागवान विकलें जातें, चिरे कोठेंतरी कुंपणाला लागतात, आणि वाचनापूर्वींच हा कागद फाटतो.

त्यांत गावठाणाची एक जुनी अडचण आहे. इंग्रजी जमाबंदीनें शेत न् शेत मोजलें, पण गावठाण सारामाफ म्हणून त्याची एकच बाह्य हद्द आंखली. नगरभूमापन झालें तेथें पुढें मिळकतपत्रिका झाल्या. इतरत्र घराची ओळख ग्रामपंचायतीच्या कर-नोंदवहींतील एका ओळीपुरती राहिली. २०२० सालीं स्वामित्व योजना सुरू झाली. तिचा प्राथमिक प्रयोग आपल्याच जिल्ह्यांत, पुरंदर तालुक्यांतील सोनोरीस, झाला होता. ड्रोननें गावठाणाचें छायाचित्र घेऊन प्रत्येक मिळकतीचा नकाशा करावयाचा, ही कल्पना उत्तम. मात्र आकाशांतून छप्पर दिसतें, चौसोपी घर दिसत नाहीं. चाकणच्या आसमंतांतील खेड्यांची पहिली घरवार मोजणी अशा रीतीनें होणार असेल, तर त्याच खेपेस जमिनीवरून एक माणूस आंत पाठविणें खर्चाच्या दृष्टीनें फारसें जड नव्हतें.

प्रत्येक जुनें घर राखावें असें आम्ही म्हणत नाहीं. पांच भावांच्या वांट्यास आलेल्या पडक्या वाड्यांत त्यांनीं इतिहासासाठीं राहावें, असें सांगण्याचा अधिकार पेठेंतल्या नव्या सदनिकेंत राहणाऱ्या अभ्यासकास नाहीं. तक्रार एवढीच आहे कीं, सध्यांच्या नियमांत राखणें आणि पाडणें या दोहोंच्या मध्यें कांहींच नाहीं. शंभर वर्षांवरील कोणतेंहि घर उतरविण्याची परवानगी अथवा नोटीस देण्यापूर्वीं त्याचें मोजमाप, प्रत्येक मजल्याचा नकाशा, लांकूडकामाचीं छायाचित्रें, शिलालेख वा शके कोरलेला असल्यास त्याचा ठसा, आणि माळ्यावरील कागदांची यादी होणें सक्तीचें करावें. खर्च नव्या बांधकामाच्या विकास-शुल्कांतून काढावा. यादींत नांव असो वा नसो, श्रेणी कोणतीहि असो. पावसाळ्यापूर्वीं धोकादायक घरांच्या याद्या निघतात; त्या निघतांच मोजणीदार पाठविला तर पहिल्या सरीपूर्वीं काम आटोपतें.

मोडी वाचणारा एक मनुष्य त्याच्याबरोबर असावा.