लव्हक्राफ्टचे निवेदक : अविश्वसनीयतेची मर्यादा

अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) याच्या कथांची चर्चा करताना ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा सर्रास वापरली जाते. त्याचे निवेदक बहुधा भेदरलेले, झोप उडालेले, स्वतःच्या स्मृतीविषयी साशंक असे असतात. ‘डेगन’ या कथेचा निवेदक तर मॉर्फिनच्या आहारी गेलेला आहे. तेव्हा त्यांच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो. हा निष्कर्ष तपासून पाहणे अगत्याचे आहे; कारण पुढे त्याचाच उपयोग लेखकाच्या बचावासाठी होतो.

वेन बूथ याने १९६१ साली ‘द ऱ्हेटोरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात ही संज्ञा रूढ केली. कलाकृतीतून सूचित होणाऱ्या लेखकाच्या मूल्यांशी ज्याचे बोलणे-वागणे जुळत नाही तो निवेदक अविश्वसनीय, अशी त्याची भूमिका होती. पुढे जेम्स फेलन याने ‘लिव्हिंग टू टेल अबाउट इट’ (२००५) मध्ये घटनांचे कथन, त्यांचे अर्थनिर्णयन आणि त्यांचे मूल्यमापन अशा तीन पातळ्या वेगळ्या केल्या. एका पातळीवर भरवशाचा असणारा निवेदक दुसऱ्या पातळीवर तसा नसूही शकतो. लव्हक्राफ्टच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरतो.

पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) चा निवेदक आपण वेडे नाही हे परोपरीने पटवू पाहतो आणि त्यातूनच त्याचे वेड उघडे पडते. लव्हक्राफ्टकडे हे नाते नेमके उलटते. ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’ (१९३६) मधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक पीझली यांना आपण पाहिले ते स्वप्न ठरावे, एवढीच आशा आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाखालील, मानवपूर्व काळातील ग्रंथालयात त्यांना स्वतःच्याच हस्ताक्षरातील लेखन सापडते आणि पळताना ते हातचे निसटते. पुरावा असा नाहीसा करून लेखक पीझलींना शंकेचा आसरा देतो; वाचकाला मात्र तो मिळत नाही. त्याच्यासमोर खाणीच्या अभियंत्याने पाठवलेली कोरीव दगडांची छायाचित्रे आधीच ठेवलेली असतात. वाचकाने निवेदकावर अविश्वास दाखवला की विराट भयच नाहीसे होते आणि उरते ते एका रुग्णाचे टिपण. म्हणजे कथनाच्या पातळीवर हे निवेदक विश्वसनीय असणे ही या कथाप्रकाराची गरजच होय.

खरा प्रश्न मूल्यमापनाचा आहे. परकीय, मिश्रवंशीय, गरीब माणसे दिसताच या निवेदकांना किळस येते. ही किळस निवेदकाची आहे, लेखकाची नव्हे, असा बचाव केला जातो. तो टिकणारा नाही. ‘द हॉरर ॲट रेड हुक’ (१९२७) ही कथा तृतीयपुरुषी निवेदनाची आहे. तेथे ब्रुकलिनमधील स्थलांतरितांविषयीचा तिटकारा ज्याच्या माथी मारावा असा ‘मी’ उपलब्धच नाही, आणि तिटकारा तसूभरही कमी झालेला नाही. लव्हक्राफ्टच्या पत्रव्यवहारातही तो उघडपणे व्यक्त होतो. बूथच्या निकषाने पाहता येथे निवेदन आणि सूचित लेखक यांच्यात अंतरच पडत नाही. व्हिक्टर लाव्हाल याने २०१६ मध्ये ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ या लघुकादंबरीत हीच कथा मुख्यतः एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने पुन्हा सांगितली. जे अंतर मूळ कथेत नव्हते, ते त्याला बाहेरून निर्माण करावे लागले.

या नियमाला ठळक अपवाद आहे तो ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ (१९३६) या दीर्घकथेचा. निवेदकाच्या तक्रारीवरून १९२७-२८ च्या हिवाळ्यात सरकार इन्समथ या बंदरगावावर छापा घालते. तेथील लोकांना छावण्यांत आणि तुरुंगांत डांबले जाते. आक्षेप घेणाऱ्या उदारमतवादी संघटनांना त्या छावण्या दाखवताच त्याही गप्प होतात. हे सारे निवेदक आरंभीच, समाधानाच्या सुरात सांगून टाकतो. पुढे झेडॉक ॲलन या दारुड्या म्हाताऱ्याची बडबड अक्षरशः खरी ठरते. (कथनाच्या पातळीवर लव्हक्राफ्टचा दारुडासुद्धा खोटे बोलत नाही!) शेवटी निवेदकाला उमगते की, आपण त्याच मत्स्यमानवांच्या वंशातले आहोत. आत्महत्येसाठी घेतलेले पिस्तूल तो बाजूला ठेवतो आणि सागरतळीच्या नगराकडे जाण्याची आनंदाने तयारी करतो.

कथेतील एकही घटना येथे खोटी ठरत नाही. पालटते ती केवळ त्यांची किंमत. हा आनंद म्हणजे निवेदकाचा अंतिम अधःपात, असे वाचण्याची रीत आहे आणि सूचित लेखकाचा कलही बहुधा तोच असावा. तथापि संहिता त्याला पुरून उरते. पहिल्या पानावरील छावण्यांकडे वाचकाला परतावे लागते आणि ते समाधान आता नातलगांच्या अटकेविषयीचे आहे, हे ध्यानात येते. स्वप्नात भेटलेली समुद्रवासी आजी निवेदकाला सांगते, की या अपराधाचे प्रायश्चित्त त्याला घ्यावे लागेल, पण ते फार जड नसेल. छावण्यांत डांबलेल्यांचे पुढे काय झाले, हे मात्र तो कोठेच सांगत नाही.