'डार्क स्टार' आणि न हसलेला प्रेक्षक

हौशी रंगभूमीशी थोडाफार संबंध आलेल्यांना रंगीत तालमीचा एक अनुभव निराळा सांगावा लागू नये. पुढच्या रांगांत नटांची मामेभावंडे, शेजारी आणि शाळेतले मास्तर बसलेले असतात, आणि ते नेमके अशा जागी हसतात की जिथे खऱ्या प्रयोगाला परका प्रेक्षक ढिम्म राहतो. नट ओळखीचा आहे म्हणून आलेला हशा आणि प्रसंग विनोदी आहे म्हणून आलेला हशा यांचा आवाज मात्र सारखाच असतो. नाटकमंडळी ही चूक दुसऱ्या प्रयोगात सुधारून घेतात. चित्रपटात सुधारणा करायची तर ती कात्रीने करावी लागते किंवा नव्या पैशाने, आणि विद्यार्थ्याजवळ बहुधा कात्रीच तेवढी असते. विद्यार्थ्यांनी काढलेला विनोदी चित्रपट परक्या प्रेक्षकापुढे गेला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी 'डार्क स्टार'इतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन कारपेंटर आणि डॅन ओबॅनन या दोन विद्यार्थ्यांनी १९७० साली हा चित्रपट १६ मिलिमीटर फिल्मवर सुरू केला. दिग्दर्शन व संगीत कारपेंटरचे. ओबॅननने लेखनात भाग घेतला, संकलन केले आणि पिनबॅक नावाची एक भूमिकाही केली. अस्थिर ग्रह बॉम्बने उडवून देण्याच्या कामावर एक अंतराळयान वर्षानुवर्षे फिरते आहे. यानातली माणसे कंटाळली आहेत आणि एकमेकांना विटली आहेत. टॉयलेट पेपरचा साठा अपघातात नष्ट झाला, ही त्यांच्या दृष्टीने मोठी बातमी. कप्तान मेला आहे, पण त्याला गोठवून ठेवले आहे. संकटसमयी सल्ला विचारायला जावे तर तो आपल्या आवडत्या बेसबॉल संघाची चौकशी करतो.

चित्रपटाचा प्राण मात्र शेवटच्या प्रसंगात आहे. विचार करू शकणारा वीस क्रमांकाचा बॉम्ब यानाला अडकून राहतो, आणि ठरल्या वेळी फुटणे हे आपले कर्तव्य आहे असा हट्ट धरतो. तेव्हा डूलिटल हा अधिकारी अंतराळपोशाख चढवून बाहेर जातो आणि त्याला तत्त्वज्ञान शिकवू लागतो: बाहेरचे जग खरोखर आहे हे तुला कशावरून कळले? जी आज्ञा मिळाली असे तू मानतोस, ती तरी खरी कशावरून? आपल्याकडच्या वाचकाला हे ऐकताना मायावादाची शिकवणी आठवावी. बॉम्ब विचारात पडतो आणि मुकाट्याने जागेवर परततो. पण शिष्य गुरूच्या एक पाऊल पुढे जातो. बाहेरचे सारे असत्य आणि मी एकटाच सत्य, या निष्कर्षावर येऊन तो बायबलमधल्या ईश्वराप्रमाणे प्रकाशाची आज्ञा देतो आणि फुटतो. तर्काच्या एकेका पायरीवर हसू वाढत जावे आणि अखेरीस ते घशात अडकावे, असा प्रवेश विद्यार्थीदशेत लिहिला गेला, याचे मला आजही नवल वाटते.

विद्यापीठातल्या खेळापुरता हा चित्रपट आटोपशीर होता. चित्रपटगृहात जायचे तर लांबी हवी, म्हणून १९७३ मध्ये बराच भाग नव्याने चित्रित झाला. पिनबॅक परग्रहावरच्या एका प्राण्याच्या मागे धावतो आणि लिफ्टच्या पोकळीत लोंबकळत राहतो, तो लांबलचक प्रसंग या भरतीचा. हा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर मुले खेळतात तसला, रंगवलेला आणि खाली पंजे लावलेला हवेचा चेंडू! पुढे जॅक हॅरिस या निर्मात्याने चित्रपट वितरणासाठी घेतला. १९७४ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि १९७५ च्या आरंभी चित्रपटगृहांत लागला. प्रेक्षक फारसे आले नाहीत, आणि आलेले हसले नाहीत. कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' येऊन सातच वर्षे झाली होती. अंतराळ म्हटले की भव्यता, ही अपेक्षा घेऊन लोक बसत होते.

या शांततेचे करायचे काय, हा प्रश्न पूर्वी एका पट्टीच्या विनोदवीरापुढे दोनदा आला होता. बस्टर कीटनने 'द नॅव्हिगेटर'साठी (१९२४) पाण्याखालचा एक प्रसंग मोठ्या खटपटीने चित्रित केला. छातीवर तारामासा बिल्ल्यासारखा लावून नायक माशांच्या रहदारीला पोलिसासारखा हात दाखवतो. चाचणीच्या खेळाला कुणी हसेना. कीटनने ताडले की विनोदात दोष नाही. वर नायिका संकटात असताना हा येथे खेळत बसला, हे लोकांना रुचत नाही. प्रसंग कापला गेला. जाहिरातीच्या तुकड्यात तोच प्रसंग एकटा दाखवला, तेव्हा लोक हसले. पुढच्याच वर्षी 'सेव्हन चान्सेस'च्या चाचणीत उलटे घडले. पाठलागाच्या अखेरीस दोन-तीन दगड चुकून गडगडत नायकामागे आले आणि कधी नव्हे तो हशा उसळला. कीटनने हलक्या साहित्याचे सुमारे १५०० लहानमोठे धोंडे तयार करवले आणि उतारावरची ती प्रसिद्ध धावपळ नव्याने चित्रित केली. "आणखी दगड घाला" असे प्रेक्षकांपैकी कुणी सांगितले नव्हते. लोक कुठे हसले आणि कुठे नाही, एवढेच त्याने त्यांच्याकडून घेतले. कारण आणि उपाय त्याने स्वतः शोधले.

हा निकष 'डार्क स्टार'ला लावला तर माझे मत असे की, न हसलेला प्रेक्षक चेंडूच्या बाबतीत बरोबर होता आणि बॉम्बच्या बाबतीत चुकीचा. विद्यार्थ्यांच्या चित्रपटात दारिद्र्य हा विनोदाचाच भाग असतो. चेंडू चेंडूच दिसतो आणि सारे समजून हसतात. तिकीट काढून आलेल्या माणसाने हा करार केलेला नसतो, त्याला तो नुसता चेंडू दिसतो. त्यात लिफ्टचा प्रसंग पहिल्या दोनतीन मिनिटांनंतर केवळ लांबीसाठी चालला आहे हे लपत नाही. येथे कात्री चालायला हवी होती. लांबी मागणारी सूचना व्यापाराची होती, हशाशी तिचा काही संबंध नव्हता. बॉम्बचा संवाद मात्र जसाच्या तसा राहिला आणि पुढे महाविद्यालयांतून, व्हिडिओवरून नव्या प्रेक्षकाने तो डोक्यावर घेतला. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेले कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारो'चे (१९८३) असेच झाले. त्यातल्या दोन छायाचित्रकारांची कल्पना हैदराबादेत व्यवसाय थाटलेल्या त्यांच्या वर्गमित्रांवरून सुचली होती, हे तेथील वाचकांना ऐकून मौज वाटेल. संकलनात त्यातले काही प्रसंग पार गेले, अनुपम खेर यांची भूमिका तर समूळ. उरला तो चित्रपट घरोघर पोचला तो मुख्यतः दूरदर्शनमुळे.

ओबॅनन मात्र त्या शांततेपाशी अडून राहिला. या प्राण्याला पाहून लोक हसत नसतील तर निदान घाबरवता येईल, असा विचार त्याने केला. कामगारांसारखी कुरकुरणारी माणसे, जुनाट यान, त्यात शिरलेला प्राणी आणि त्याचा अंधाऱ्या बोळांतून पाठलाग, हा सारा सरंजाम घेऊन त्याने नवी पटकथा रचली. रिडली स्कॉटने १९७९ मध्ये तिच्यावरून काढलेल्या 'एलियन'ला चित्रपटगृहांत किंकाळ्या उठल्या.