मावशीचे वऱ्हाड आणि सॅक्स यांचे पुस्तक

मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांचे 'हॅल्युसिनेशन्स' हे पुस्तक २०१२ साली प्रसिद्ध झाले. नसलेल्या गोष्टी दिसणे, ऐकू येणे, त्यांचा वास येणे अशा अनुभवांवर त्यात पंधरा प्रकरणे आहेत. त्यातले पहिले प्रकरण प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. मात्र तेवढेच वाचून पुस्तक मिटू नये. आम्ही ते मिटले होते.

सांगलीच्या आमच्या मावशीला ऐंशीनंतर मोतीबिंदूमुळे जेमतेम उजेड-अंधार कळे. दुपारी माजघरात बसल्या बसल्या तिला वऱ्हाड दिसू लागले. वीतभर उंचीची माणसे, जरीचे फेटे, आवाज मात्र कसलाच नाही. ती घाबरली नव्हती, घर घाबरले. कोणी देवऋषी आणला, अंगारा लावला. आम्ही विज्ञानवाले, 'मावशी, तुला भास होतात' एवढे सांगून मोकळे झालो. मग तिने सांगणेच सोडले. दिसणे थांबले की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही.

सॅक्स यांचे पुस्तक अशाच एका बाईपासून सुरू होते. रोझली नव्वदी ओलांडलेली, पूर्ण अंध, वृद्धाश्रमात राहणारी. तिला पौर्वात्य पोशाखातली माणसे जिने चढता-उतरताना दिसू लागतात. आपल्याला वेड तर लागत नाही ना, ही तिची धास्ती. सॅक्स तपासतात, तर बुद्धी शाबूत. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या दृष्टी गमावलेल्या आजोबांचे असेच अनुभव नोंदवले होते. त्यांचेच नाव या विकाराला आहे. आपल्या दिसण्याला नाव आहे, हे कळल्यावर रोझलीला हायसे वाटते.

डोळ्यांकडून येणारे संदेश आटले की मेंदूचा दृष्टीचा भाग गप्प बसत नाही, तो आपणहून चेतवला जातो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटे दुखतात, त्यातलाच हा प्रकार. डॉमिनिक फिच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूची चित्रे घेतली. रंग दिसत असताना रंग ओळखणारा भाग जागा होता, चेहरे दिसत असताना चेहरे ओळखणारा. म्हणजे मावशी कल्पना करत नव्हती. मेंदूपुरते बोलायचे तर ती पाहतच होती.

इथे आपली भाषा आड येते. दोरीच्या जागी साप दिसणे, दोरी नसताना साप दिसणे आणि सून जेवणात विष कालवते अशी खात्री पटणे, या तिन्हींना घरात आपण 'भ्रम'च म्हणतो. पहिल्यात वस्तू आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात तर पाहणेच नाही. परिभाषेत 'विभ्रम', 'निर्वस्तुभ्रम' हे शब्द आहेत. मराठी विश्वकोशाचे काम जिथून चालले ती वाई सातारा जिल्ह्यातच. पण हे शब्द साताऱ्याच्या माजघरात काही पोचले नाहीत.

आता आमच्या चुकीविषयी. पुस्तक वाचल्यावर वर्षभराने साताऱ्यात सासऱ्यांना एका रात्री तुळईवर माणसे बसलेली दिसू लागली. त्यांनाही मोतीबिंदू होता. आम्हाला ओळख पटल्याचा आनंदच झाला! दोन दिवस आम्ही शेजारी बसून शांतपणे ऐकत राहिलो. तिसऱ्या दिवशी ते घरच्यांना ओळखेनात. डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली, जंतुसंसर्ग निघाला. औषधे सुरू झाली आणि आठवड्याभरात तुळई रिकामी झाली. खुणा सगळ्या समोर होत्या. एका रात्रीत सुरुवात, दिसणाऱ्या माणसांचे बोलणे, सासऱ्यांची भीती, दिवसा पेंग आणि रात्री तळमळ. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले असते, तर तेही जमले नसते. संसर्ग, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, नवे औषध, शस्त्रक्रिया, यांतले काहीही वृद्धाच्या मेंदूला असे ढवळून काढते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो.

हे पुस्तकात आहे, पण दहाव्या प्रकरणात. दोष आमच्या अर्धवट वाचनाचा, हे मान्य. तरी रचनेविषयी तक्रार उरतेच. सॅक्स आजारांप्रमाणे प्रकरणे पाडतात. घरात आजार नाव सांगून येत नाही. काय दिसते हे ते इतके रंगून सांगतात की 'कधीपासून दिसते' हा प्रश्न वाचकाच्या मनातून निसटतो. तरुणपणी स्वतः घेतलेल्या मादक द्रव्यांवरचे त्यांचे प्रकरण चटकदार आहे, पण आपल्या वाचकाला त्याचा उपयोग सर्वांत कमी. आम्ही सुचवू तो क्रम असा: पहिले, मग लगेच दहावे, मग पाचवे. पाचवे कंपवाताविषयी आहे. कंपवातात, आणि त्याच्या नात्यातल्या लेवी बॉडी स्मृतिभ्रंशातही, माणसे-प्राणी दिसतात. आणि मनोविकारावरची काही औषधे अशा रुग्णांना घातक ठरतात. अंग कापते, चाल मंदावली आहे, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे ते यासाठी.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटले, तो त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो. अंगारा लावणे किंवा 'तुला भास होतात' म्हणणे हा गुन्हा नाही. मावशीचे तोंड मात्र या दोहोंनी मिळूनच बंद केले.

मोतीबिंदू काढून दृष्टी परत आली की अशी दृश्ये पुष्कळदा ओसरतात. मिरज सांगलीला लागूनच. नव्वदी-पंचाण्णवीतली माणसेही तिथे डोळे करून घेतात. मावशीचा विषय निघाला तेव्हा, आता या वयात तिला काय पाहायचे आहे, असे घरात ठरले. त्या बैठकीला आम्हीही होतो.