खाजण सरोवरांच्या गाळातील सेंद्रिय द्रव्याचे मापन : वॉकले-ब्लॅक पद्धतीची चिकित्सा

उष्ण कटिबंधातील खाजण सरोवरांच्या गाळात नद्यांनी आणलेला पालापाचोळा, पाणवनस्पती व प्लवक यांचे अवशेष साचतात. त्यांतील सेंद्रिय द्रव्याच्या प्रमाणावरून सरोवराच्या प्रकृतीविषयी अनुमाने केली जातात. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत हे प्रमाण बहुधा वॉकले व ब्लॅक यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने काढले जाते. ही पद्धत मुळात शेतजमिनीच्या मातीसाठी होती. खाऱ्या गाळास ती जशीच्या तशी लावणे कितपत योग्य, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या पद्धतीत आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटने कार्बनाचे ऑक्सिडीकरण होते व खर्ची पडलेल्या डायक्रोमेटवरून कार्बन मोजला जातो. परंतु डायक्रोमेट केवळ कार्बनासाठी खर्ची पडत नाही. क्लोराइड, तसेच प्राणवायूविरहित गाळातील फेरस लोह व सल्फाइडे हीही त्याचा वापर करतात. सुमारे १२ भाग क्लोराइड १ भाग कार्बनासारखे भासते. निम्मे वजन समुद्राच्या पाण्याचे असलेला गाळ न धुता वाळविल्यास त्यात सुमारे १.९ टक्के क्लोराइड उरते. त्यातून ०.१६ टक्के आभासी कार्बन निर्माण होतो. अपूर्ण ऑक्सिडीकरणासाठीचा १.३ आणि सेंद्रिय द्रव्यासाठीचा १.७२४ हे रूढ गुणक लावताच तो सुमारे ०.३५ टक्के सेंद्रिय द्रव्य ठरतो. वाळूमय, अल्पकार्बनी गाळात ही चूक उपेक्षणीय नाही. शिवाय हे दोन्ही गुणकही मातीच्या अभ्यासातून आलेले आहेत.

ओडिशातील चिल्का सरोवराच्या संदर्भात या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते. १९८१ मध्ये रामसर यादीत आलेले हे सरोवर १९९३ मध्ये संकटग्रस्त पाणथळींच्या माँत्रो नोंदीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले, क्षारता वाढली आणि २००२ मध्ये सरोवर त्या नोंदीतून वगळले गेले. अशा स्थितीत मुख उघडण्यापूर्वीच्या व नंतरच्या नमुन्यांची क्लोराइड-दुरुस्तीविना तुलना केल्यास क्षारतेतील वाढ सेंद्रिय द्रव्यातील वाढ म्हणून नोंदली जाण्याचा धोका संभवतो. महानदीच्या शाखांचे गोडे पाणी मिळणारा उत्तर विभाग व समुद्रालगतची बाह्य वाहिनी यांच्या तुलनेसही हाच आक्षेप लागू पडतो.

याचा अर्थ ही पद्धत त्याज्य आहे असा नव्हे. ती स्वल्पखर्चिक आहे, आणि सल्फ्यूरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट मिसळल्यास क्लोराइडचा अडथळा बऱ्याच अंशी दूर होतो. तथापि फेरस लोह व सल्फाइडे यांचा दोष त्याने जात नाही. म्हणून नमुना धुतला काय, सिल्व्हर सल्फेट वापरले काय, कोणते गुणक लावले व नमुना घेताना क्षारता किती होती, हे शोधनिबंधात नमूद होणे अगत्याचे आहे. काही नमुने कार्बोनेट काढून मूलद्रव्य विश्लेषकावर पडताळल्यास गुणकाची स्थानिक निश्चितीही करता येईल. या नोंदींअभावी दोन निबंधांतील आकडे शेजारी मांडता येतात. त्यांची तुलना मात्र करता येत नाही.