चर्चेला वेळ लागतो

आवडता राजकीय चर्चेचा कार्यक्रम बंद झाला की प्रेक्षक सूत्रसंचालकासाठी हळहळतात. ते स्वाभाविक आहे. पण कार्यक्रमाबरोबरच वाद घालण्याची एक घडवलेली रीतही जाते आणि ती पुन्हा उभी करणे नवा चेहरा शोधण्यापेक्षा फार कठीण असते.

ब्रिटनमध्ये चॅनल फोरने १९८७मध्ये ‘आफ्टर डार्क’ सुरू केला. ऑस्ट्रियाच्या ‘क्लब टू’वरून कल्पना घेतलेली. रात्री उशिरा थेट प्रक्षेपण, समोर श्रोते नाहीत आणि संपायची वेळ ठरलेली नाही. पाठ करून आणलेली वाक्ये पहिल्या तासात संपतात. त्यानंतर माणसाला विचार करून बोलावेच लागते. या कार्यक्रमाची सारी ताकद त्या दुसऱ्या तासात होती. नियमित मालिका १९९१मध्ये थांबली.

अमेरिकेत विल्यम बकली यांच्या ‘फायरिंग लाइन’ने १९६६पासून हेच वेगळ्या मार्गाने साधले. बकली कट्टर उजवे. तरी १९६९मध्ये त्यांनी नोम चॉम्स्कींना समोर बसवून व्हिएतनाम युद्धावर सविस्तर वाद घातला. कार्यक्रम १९९९मध्ये संपला, पण त्याला ओहोटी १९८८मध्येच लागली होती. त्या वर्षी तासाचा अर्धा तास झाला.

सीएनएनचा ‘क्रॉसफायर’ याच्या अगदी उलट. एक डावा, एक उजवा आणि मधे सततची चकमक. ऑक्टोबर २००४मध्ये विनोदकार जॉन स्टुअर्ट यांनी त्याच मंचावर बसून, तुम्ही देशाचे नुकसान करता आहात, असे सूत्रसंचालकांना सुनावले. पुढच्या जानेवारीत वाहिनीने कार्यक्रम गुंडाळण्याची घोषणा केली. दुर्दैव असे, की कार्यक्रम गेला आणि त्याची पद्धत मात्र जगभर पसरली.

बीबीसीच्या ‘धिस वीक’मध्ये सुरुवातीची काही वर्षे हुजूर पक्षाचे मायकेल पोर्टिलो आणि मजूर पक्षाच्या डायन अ‍ॅबट दर गुरुवारी एकाच सोफ्यावर बसत. पुढच्या आठवड्यात पुन्हा समोरासमोर यायचे असेल तर माणूस बेछूट बोलत नाही. सूत्रसंचालक अँड्र्यू नील यांनी सोडायचे ठरवल्यावर २०१९मध्ये बीबीसीने कार्यक्रमच थांबवला.

मराठीत निखिल वागळे यांच्या ‘आजचा सवाल’ने प्रवक्त्यांना थेट प्रश्न विचारण्याचा धाक निर्माण केला. त्यांचा ‘सडेतोड’ जुलै २०१७मध्ये अचानक बंद झाला. चर्चा मात्र कमी झाल्या नाहीत, उलट संध्याकाळभर त्याच चालतात. बातमीदाराला गावोगाव पाठवायला पैसे लागतात; पक्षाचा प्रवक्ता आयता मिळतो. म्हणून पडद्यावर सहा-आठ चौकटी भरतात, प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते आणि तेही इतरांच्या आवाजात बुडते. एवढ्या वेळात आरोप करता येतो. पण उत्तर द्यायचे तर संदर्भ, आकडा, कारण सांगावे लागते. त्यामुळे ही रचना मुळातच आरोप करणाऱ्याच्या बाजूची आहे.

प्रेक्षकांना धीर उरलेला नाही, ही वाहिन्यांची सबब महाराष्ट्रात तरी टिकत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला याच समाजाने जपली आहे. इथल्या श्रोत्याला एका वक्त्याचे सलग ऐकण्याची सवय आहे.

दोन पाहुणे, एक तास आणि उत्तर पुरे होईपर्यंत ब्रेक नाही: एवढे एखाद्या मराठी वाहिनीने आठवड्यातून एकदा करून दाखवावे. त्याला मोठा स्टुडिओ लागत नाही. लागतो तो तयारी करून आलेला आणि ऐकून घेणारा सूत्रसंचालक.